लोककार्यासाठी मोटारसायकल-प्रवास : एक आराखडा आणि एक हिशेब

(बी. ए. भाग दोन)

अमरावतीहून मोटारसायकलने कन्याकुमारीपर्यंत जायचे आणि त्या निमित्ताने दूरगावच्या रुग्णालयात अडकून पडलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी मदत गोळा करायची, असा विचार आम्हा काही मित्रांच्या मनात मागल्या पावसाळ्यात आला. विचार येणे सोपे असते. तो कागदावर उतरवताना मात्र आमची चांगलीच दमछाक झाली. या खटाटोपात जे शिकलो ते वाचक मित्रांपुढे आणि प्राध्यापक वर्गापुढे ठेवावे, म्हणून हा लेख. प्रवास अजून व्हायचा आहे, त्यामुळे हे प्रवासवर्णन नव्हे. प्रवासाआधी काय करावे लागते आणि काय करू नये, एवढाच या लेखाचा विषय आहे.

आरंभी स्वतःविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. वडिलांकडे तीन एकर कोरडवाहू शेत आहे. तीन वर्षांपूर्वी मायच्या उपचारासाठी आम्हाला नागपुरात सव्वीस दिवस काढावे लागले. मायला खाट मिळाली. वडील आणि मी रुग्णालयाच्या व्हरांड्यात झोपत होतो. रोज दुपारी फाटकाजवळ एका संस्थेचे लोक वरण-भात वाटत. ते कोण, कोठले, हे त्या वेळी विचारण्याचे सुचलेसुद्धा नाही. माय बरी होऊन घरी आली, पण त्या वरण-भाताचे देणे माझ्या मनात राहिले.

म्हणून हेतू खरा होता. पण प्रामाणिकपणे सांगायचे तर त्यात दुसराही एक हेतू मिसळलेला होता. मी समुद्र पाहिलेला नाही. मोटारसायकलवर बसून पाच राज्ये ओलांडावीत ही हौस आम्हा सर्वांनाच होती. हे दोन हेतू एका गाडीवर बसले तर हँडल कोणाच्या हाती राहील, हाच या विषयातला मुख्य प्रश्न आहे, असे आता वाटते.

पूर्वसूरींचा मार्ग

लोकांसाठी प्रवास करण्याची परंपरा आपल्या वऱ्हाडाला नवीन नाही. संत गाडगेबाबांचा जन्म १८७६ मध्ये अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचा, आणि बालपण गेले अकोला जिल्ह्यात मूर्तिजापूरजवळ दापुऱ्याला, मामांच्या घरी. १९०५ मध्ये त्यांनी घर सोडले आणि पुढची पन्नास वर्षे ते पायी फिरत राहिले. हातात खराटा आणि गाडगे, एवढेच त्यांचे प्रवासी सामान. त्यांच्या शब्दावर लोकांनी मोठमोठ्या रकमा दिल्या. त्यांतून धर्मशाळा, घाट, सदावर्ते, शाळा उभ्या राहिल्या. मुंबईत रुग्णांच्या नातेवाइकांना राहता यावे म्हणूनही त्यांनी धर्मशाळा उभारली. त्या संस्थांचा कारभार त्यांनी विश्वस्तांकडे सोपवला आणि स्वतः मात्र गाडग्यातच खाल्ले. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ प्रवासातच त्यांचे देहावसान झाले. ज्या विद्यापीठाची पदवी आपण घेणार आहोत त्याला त्यांचेच नाव आहे.

दुसरे उदाहरण बाबा आमटे यांचे. हिंगणघाटला जन्मलेल्या आणि वरोऱ्याला आनंदवन उभारणाऱ्या बाबांनी डिसेंबर १९८५ मध्ये कन्याकुमारीहून काश्मीरच्या दिशेने 'भारत जोडो' अभियान सुरू केले. शंभराहून अधिक तरुण-तरुणी सायकलींवर होते. पाठीच्या कण्याच्या दुखण्यामुळे बाबांना बसणे अशक्य होते, म्हणून ते वाहनात आडवे पडून सोबत होते. पुढे १९८८ मध्ये अरुणाचल प्रदेशातील इटानगरहून गुजरातमधील ओख्यापर्यंत दुसरे अभियान निघाले. या अभियानांचा उद्देश पैसा नव्हता. दंगली आणि फुटीरतेच्या त्या काळात माणसांची मने जोडावीत, हा होता. म्हणजे प्रवास हेच तेथे कार्य होते. आमच्या बाबतीत तसे नाही. आमचा प्रवास हे फक्त साधन आहे. हा फरक आम्हाला फार उशिरा कळला.

तिसरे उदाहरण परदेशातले आहे. कॅनडातील टेरी फॉक्स या तरुणाचा एक पाय कर्करोगामुळे कापावा लागला होता. कर्करोगाच्या संशोधनाला निधी मिळावा म्हणून तो एप्रिल १९८० मध्ये कृत्रिम पायावर धावत देश ओलांडायला निघाला. प्रत्येक देशवासीयाकडून एक डॉलर, एवढीच त्याची मागणी होती. रोग फुफ्फुसात पसरल्याने १ सप्टेंबर १९८० रोजी, १४३ दिवसांनी आणि ५,३७३ किलोमीटरांनंतर, त्याला थांबावे लागले. पुढच्याच वर्षी तो गेला. या सर्व काळात त्याने आपल्या नावावर कोणत्याही कंपनीला जाहिरात करू दिली नाही.

या तिन्ही उदाहरणांत एक गोष्ट समान आढळते. प्रवास करणाऱ्याने स्वतःसाठी जवळजवळ काही घेतले नाही. एकजण पायी, काहीजण सायकलवर, एकजण एका पायावर. मग आम्ही मोटारसायकल का घ्यावी, असा आक्षेप कोणी घेतल्यास तो योग्यच आहे. त्याला उत्तर एवढेच की आम्हाला मिळणारे दिवस मोजके आहेत. वर्ग, परीक्षा, आणि घरी कापूस वेचणी व तुरीची कापणी यांतून सलग पंधरा-सोळा दिवस निघतात, तीन महिने निघत नाहीत. मात्र पेट्रोल फुकट मिळत नाही. म्हणून मोटारसायकलवाल्याने हिशेब अधिक कडक ठेवला पाहिजे.

पहिला आराखडा आणि त्याची फजिती

आम्ही सहाजण आणि तीन मोटारसायकली, असे ठरले. चौघे अमरावतीचे, दोघे अकोल्याचे. अंतर जाऊन-येऊन ३,६०० किलोमीटर धरले. रोज ३०० किलोमीटर म्हणजे बारा दिवस. दोन माणसे आणि सामान घेऊन गाडी लिटरमागे ५० किलोमीटर चालेल आणि पेट्रोल १०५ रुपये लिटर, असे गृहीत धरले. खर्च असा निघाला :

पेट्रोल, तीन गाड्या – २२,६८० रुपये
जेवण, सहाजण, बारा दिवस – १४,४०० रुपये
मुक्काम, अकरा रात्री – ६,६०० रुपये
गाड्यांची दुरुस्ती व ऑइल – ६,००० रुपये
छापील टी-शर्ट – १,८०० रुपये
फलक – ५२० रुपये
एकूण – ५२,००० रुपये

वर्गणी किती जमेल याचा अंदाज आम्ही गल्लीत, नात्यात आणि महाविद्यालयात विचारून घेतला. तो फार तर वीस हजारांवर गेला. हा कागद आम्ही मोठ्या उत्साहाने अर्थशास्त्राच्या सरांना दाखवला. सरांनी चष्मा पुसला आणि एकच प्रश्न विचारला, "बावन्न हजार जाळून वीस हजार देणार. मग सरळ बावन्न हजारच का देत नाही?"

आमच्यापैकी एकजण म्हणाला, "सर, आमच्याजवळ बावन्न हजार नाहीत."

सर म्हणाले, "मग ते कोणाचे आहेत?"

यावर आम्ही काहीच बोललो नाही. कारण वर्गणीतूनच प्रवासखर्च भागवायचा आणि उरेल ते द्यायचे, असे आमच्या मनात होते. खरे म्हणजे उरणारच काही नव्हते. त्या संध्याकाळी घरी फोन केला. वडिलांना सगळे सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "लेका, त्या वरन-भातवाल्याईनं आपल्याले गाडीचा खर्च नव्हता मांगितला."

रंगीत तालीम

तरीही एकदा तालीम करून पाहावी, असे ठरले. डिसेंबरातल्या एका रविवारी आम्ही तीन गाड्या घेऊन अमरावतीहून अकोल्याला निघालो. बडनेरा, लोणी, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू असा हा रस्ता. जून २०२२ मध्ये याच अमरावती-अकोला महामार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत सलग ७५ किलोमीटर डांबरीकरण करून जागतिक विक्रम झाला होता. जाऊन-येऊन सुमारे दोनशे किलोमीटर. सोबत एक पत्र्याचा डबा घेतला होता. त्यावर 'रुग्णांच्या नातेवाइकांसाठी' असे रंगवले होते.

अकोल्यात मित्राच्या नातेवाइकांनी आणि शेजाऱ्यांनी मिळून ९४० रुपये टाकले. परतताना मूर्तिजापूरच्या अलीकडे चहाला थांबलो. तेथे एक म्हातारी टोपल्यात बोरे घेऊन बसली होती. तिने डब्यावरची अक्षरे वाचून घेतली, म्हणजे आमच्याकडून वाचवून घेतली. मग कमरेची पिशवी सोडून दहाची नोट काढली आणि विचारले, "माहे दहा रुपये कोठी जातीन, बाप्पा?"

मी म्हणालो, "आजी, नागपूरले. दवाखान्यात जे लोक रायतात त्याईच्या जेवनाले."

"मंग टाक," ती म्हणाली.

तेथून चारच किलोमीटर पुढे माझ्या मामांच्या गाडीची मागची ट्यूब फाटली. रस्त्याचा दोष नव्हता. टायर गुळगुळीत झाला होता आणि निघताना तो कोणी पाहिला नव्हता. गाडी ढकलत पंक्चरच्या दुकानापर्यंत नेली. ट्यूब बदलावी लागली. मजुरीसह ३४० रुपये झाले. आमच्या खिशांत मिळून १६० रुपये निघाले. मोबाईलवरून पैसे पाठवू म्हटले तर सर्व्हर बंद. अंधार पडत होता. आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि डबा उघडला. त्यातून १८० रुपये काढले.

दुसऱ्या दिवशी ते पैसे परत डब्यात टाकले, हे खरे. कोणाला कळलेही नसते. पण त्या रात्री वहीत लिहायला बसलो तेव्हा 'डब्यातून घेतले' या चार-पाच अक्षरांपुढे पेन थांबले. डब्यातल्या नोटा सारख्याच दिसतात. म्हातारीची दहाची नोट ट्यूबमध्ये गेली की डब्यात राहिली, हे मला सांगता येत नव्हते. तिने तर नेमके तेच विचारले होते.

आमची फजिती वाईट माणसे असल्यामुळे झाली नव्हती. नियोजन वाईट असल्यामुळे झाली. डबा आणि खिसा एकाच गाडीवर असले की अडचणीच्या वेळी हात डब्याकडेच जातो. तेव्हा चांगल्या माणसावर भरवसा ठेवण्यापेक्षा हात जाणारच नाही अशी व्यवस्था करणे बरे. येथून आमचा दुसरा आराखडा सुरू झाला.

दुसरा आराखडा : आधी पैशाची व्यवस्था

पहिला नियम असा केला की रोख वर्गणी अजिबात घ्यायची नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० हा कायदा आपल्याकडे आहे. जी मंडळी नोंदणीकृत विश्वस्त संस्था नाहीत आणि तरी धर्मादाय कामासाठी पैसा गोळा करतात, त्यांनाही कलम ४१ क खाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जावे लागते. गणेशमंडळे उत्सवाआधी जी परवानगी काढतात ती हीच. आम्ही डबा घेऊन निघालो तेव्हा यातले काहीच आम्हाला ठाऊक नव्हते. अज्ञानाने केलेली चूकही चूकच असते.

आता देणाऱ्याने थेट नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात पैसे भरायचे आणि संस्थेने त्याच्या नावाची पावती द्यायची. संस्था निवडताना आम्ही तीन गोष्टी मागितल्या : नोंदणी क्रमांक, मागील वर्षाचे तपासलेले हिशेबपत्रक आणि पावतीचा नमुना. ज्या संस्थेने न रागावता या तिन्ही गोष्टी दाखवल्या, तिलाच होकार दिला.

दुसरा नियम, प्रवासाचा सगळा खर्च प्रवाशांनी स्वतः कमवायचा. वर्गणीची वही वेगळी, खर्चाची वही वेगळी. दोन्ही वह्या वेगवेगळ्या माणसांच्या ताब्यात, आणि वर्गणीची वही ज्याच्याकडे तो प्रवासाला येणार नाही.

तिसरा नियम 'किलोमीटरमागे दान' या पद्धतीचा. परदेशात अशा प्रवासांत ही पद्धत रूढ आहे. देणारा आधीच कबुली लिहून देतो की तुम्ही जेवढे किलोमीटर जाल तेवढ्या किलोमीटरांमागे मी दहा पैसे देईन. ३,६०० किलोमीटर झाले तर त्याने ३६० रुपये भरायचे. आम्ही हैदराबादहून परतलो तर त्याहून कमी. यात प्रवासाला काही अर्थ येतो. नुसते पैसे मागितले असते तर लोक दहा-वीस देऊन मोकळे झाले असते. येथे ते रोज नकाशात आमच्याबरोबर पुढे सरकतात. पण यात धोकाही आहे. किलोमीटर वाढवण्याच्या नादात गाडी रात्री हाकली जाऊ शकते. म्हणून दिवसाची मर्यादा २५० किलोमीटर आणि सूर्यास्तानंतर गाडी बंद, हे कबुलीपत्रावरच छापले आहे.

चौथा नियम 'एकास तीन'. आमच्या खर्चाच्या तिप्पट रकमेची लेखी कबुली डिसेंबरअखेर हाती आली तरच कन्याकुमारी, नाही तर नाही. या नियमावर आमच्यात तीन दिवस भांडण झाले. दोघे त्या वेळी गळाले. चौघे राहिले.

चौघांचा, दोन गाड्यांचा, सोळा दिवसांचा नवा हिशेब असा आहे : पेट्रोल १५,१२० रुपये, जेवण १२,८००, मुक्काम धर्मशाळा व वसतिगृहे धरून ३,०००, दुरुस्ती ४,०००, आणि अचानक उद्भवणाऱ्या खर्चासाठी ३,०८०. एकूण ३८,००० रुपये. टी-शर्ट आणि फलक रद्द. प्रत्येकी साडेनऊ हजार रुपये येतात. मी 'कमवा व शिका' योजनेत ग्रंथालयात काम करतो आणि लग्नसराईत वाढप्याचे काम धरतो. अकोल्याचा मित्र सुट्टीत मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसतो. त्यातून हे पैसे साठत आहेत. तिप्पट म्हणजे १,१४,००० रुपये, म्हणजेच ३६० रुपयांची कबुली देणारी ३१७ माणसे हवीत. हा लेख लिहीपर्यंत ८४ माणसांनी सही केली आहे.

मार्ग आणि ऋतू

मार्ग ठरवणे त्या मानाने सोपे गेले. अमरावतीहून यवतमाळमार्गे पांढरकवड्याला श्रीनगर-कन्याकुमारी हा राष्ट्रीय महामार्ग ४४ गाठायचा. पुढे आदिलाबाद, निर्मल, हैदराबाद, कर्नूल, अनंतपूर, बंगळूर, होसूर, सेलम, मदुराई, तिरुनेलवेली आणि कन्याकुमारी. या वाटेवर पैनगंगा, गोदावरी, कृष्णा, तुंगभद्रा, कावेरी, वैगई आणि ताम्रपर्णी अशा सात नद्या ओलांडाव्या लागतात. भूगोलाच्या पुस्तकात वेगवेगळ्या धड्यांत असलेल्या नद्या एका रेषेवर येतात, याचे मला नवल वाटले. राष्ट्रीय महामार्गांवर दुचाकीला पथकर नाही, ही गरिबाच्या सोयीची गोष्ट.

ऋतू ठरवताना मात्र चूक होता होता राहिली. आमच्याकडचा पाऊस गेला की दसऱ्या-दिवाळीत निघावे, असे आम्ही म्हणत होतो. पण आपला पाऊस संपतो तेव्हा तामिळनाडूचा सुरू होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर हा तेथे ईशान्य मोसमी पावसाचा काळ. जानेवारीच्या मध्यात पोंगल, तेव्हा दुकाने बंद. मार्चनंतर ऊन चढते, आणि मे महिन्यातले अकोल्याचे ऊन ज्याने सोसले त्याला अधिक सांगायला नको. तेव्हा जानेवारीचा शेवटचा आठवडा ते फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा हाच काळ उरतो. तोवर हिवाळी परीक्षा आटोपते आणि घरची तूरही निघालेली असते.

गाडी, कागद आणि माणूस

आमच्या गाड्या नव्या नाहीत आणि मोठ्याही नाहीत. शंभर-सव्वाशे सीसीच्या, घरकामाच्या गाड्या आहेत. मिस्त्रीने दिलेला सल्ला असा : निघण्याआधी दोन्ही टायर, चेन व स्प्रॉकेट, ब्रेक लायनर, क्लचची आणि अॅक्सिलरेटरची केबल, प्लग व एअर फिल्टर तपासून घ्या. ऑइल बदलून किमान दोनशे किलोमीटर गाडी चालवून पाहा, मग निघा. सोबत दोन ट्यूब, एक क्लच केबल, एक प्लग, पंक्चरचे सामान, हवेचा पंप आणि पान्हे ठेवा. दोन्ही गाड्या एकाच कंपनीच्या, एकाच प्रकारच्या असाव्यात, म्हणजे सुटे भाग एकमेकींना चालतात. टाकी अर्धी झाली की पेट्रोल भरावे, रिझर्व्हला लागण्याची वाट पाहू नये.

कागदपत्रांत परवाना, गाडीचे नोंदणीपत्र, चालू विमा आणि प्रदूषण तपासणीचे प्रमाणपत्र हे चार हवेतच. गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्याचे संमतिपत्र जवळ ठेवणे शहाणपणाचे. हेल्मेट चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्यालाही.

माणसाची तयारी आम्ही सर्वांत शेवटी केली, ती आधी करायला हवी होती. दर दीड तासाला दहा मिनिटे थांबणे, चालवणारा आणि मागचा यांनी जागा बदलणे, पाणी पिणे. संध्याकाळी दिवे नसलेले ट्रॅक्टर आणि रस्त्यावर बसलेली गुरे यांचा धोका मोठा. आपल्याकडच्या काळ्या मातीची साइडपट्टी पावसात साबणासारखी होते, तेथे गाडी उतरवू नये. तिरुनेलवेलीच्या पुढच्या पट्ट्यात वाऱ्याचा जोर इतका की तेथे पवनचक्क्यांच्या रांगा आहेत, तेथे वेग कमी ठेवायचा. रोज संध्याकाळी सहाला घरी एक फोन. सात वाजेपर्यंत फोन आला नाही तर शोध कोणी आणि कोठे घ्यायचा, हेही लिहून ठेवले आहे. ही ओळ वाचून मायने जेवण बाजूला सारले होते. पण ती लिहिली म्हणूनच अखेर तिने होकार दिला.

समारोप

या सगळ्यातून मला जे कळले ते थोडक्यात असे. लोककार्यासाठी प्रवास करणाऱ्याने आधी पैशाची वाट आखावी आणि मग गाडीची. देणाऱ्याचा रुपया आणि आपल्या हौसेचा रुपया एका पिशवीत ठेवू नये. हौस असणे हा गुन्हा नाही, पण तिचे बिल दुसऱ्याच्या नावावर फाडणे हा आहे. मला समुद्र पाहायचा आहे, हे मी आता उघडपणे म्हणू शकतो, कारण तो पाहण्याचे साडेनऊ हजार माझे मी कमावत आहे.

डिसेंबरअखेर ३१७ सह्या झाल्या नाहीत तर काय, असे मित्र विचारतात. तेही ठरले आहे. मग आम्ही चौघे अमरावतीहून अकोल्याला आणि परत, एवढेच जाऊ. त्या दोनशे किलोमीटरांचे जे होतील ते संस्थेच्या खात्यात जातील आणि साठवलेल्या पैशांतून प्रत्येकजण आपल्या इच्छेने देईल. वाईट वाटेल, पण लाज वाटणार नाही.

दोन्ही वह्या ग्रंथालयात खिडकीजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत. त्यांत डब्यातून घेतलेले १८० रुपये आणि परत टाकलेले १८० रुपये, दोन्ही तारखांसह लिहिलेले आहेत. डब्यातली सगळी रक्कम, म्हणजे ९५० रुपये, संस्थेत भरून तिची पावतीही चिकटवली आहे. कोणीही येऊन पाहावे, चूक दिसल्यास दाखवावी. आणि मन झालेच तर पंच्याऐंशीवी सही करावी.

मूर्तिजापूरच्या अलीकडे ती आजी अजून बसते की नाही, माहीत नाही. बोरांचे दिवस आहेत. पावतीची एक प्रत मी गाडीच्या डिकीत ठेवली आहे. भेटली तर तिला वाचून दाखवीन.